मूर्ती घडली कशी, सापडली कुठे



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकानं फोनवर सरळच विचारलं, "मेक्सिकोतल्या मातीच्या बाहुल्यांवर तासभर बोलणार? लोक बसतील का?" प्रश्न रास्त होता. प्राचीन अमेरिका म्हटलं की आपल्याकडे पिरॅमिड, नरबळी, माया लोकांचं कॅलेंडर आणि 2012 साली न झालेला जगाचा अंत, एवढीच शिदोरी असते. त्यात मातीच्या वीतभर मूर्तींना कोण विचारतो? पण मी आज त्यांच्यावरच बोलणार आहे आणि पिरॅमिडांना जमेल तितकं लांब ठेवणार आहे. पिरॅमिड राजांनी बांधून घेतले. मूर्ती घराघरांत होत्या.

आधी भूगोल उरकून घेऊ. मध्य मेक्सिकोपासून खाली ग्वातेमाला, बेलीझ, होंडुरास, एल साल्वादोर असा जो पट्टा जातो, त्याला अभ्यासक मेसोअमेरिका म्हणतात. ओल्मेक, झापोटेक, माया, तेओतिवाकान शहराचे लोक आणि अगदी शेवटी अझ्टेक, हे सगळे इथले. भाषा वेगळ्या, राज्यं वेगळी, आपापसात लढायाही भरपूर. पण मका सगळ्यांचा, रबरी चेंडूचा खेळ सगळ्यांचा, 260 दिवसांचं पंचांग सगळ्यांचं. आणि माती हातात घेऊन तिची माणसं घडवायची खोडही सगळ्यांची. 1521 साली स्पॅनिश फौजांनी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पाडली, तोवर ही खोड जवळजवळ पावणेचार हजार वर्षं जुनी झाली होती.

कारण सर्वांत जुन्या मूर्तींपैकी एक इसवी सनापूर्वी सुमारे 2300 ची आहे. मेक्सिकोच्या खोऱ्यात, चाल्को सरोवराच्या जुन्या काठावर झोआपिल्को नावाचं ठिकाण आहे. तिथे क्रिस्टिन नीडरबर्गर या संशोधक बाईंना ती मिळाली. बोटाएवढी. डोळ्यांच्या जागी खळगे, नाक आहे, तोंड मात्र दाखवलेलंच नाही. त्या खोऱ्यात मडकी सर्रास होण्याच्या बऱ्याच आधीची ही मूर्ती आहे. म्हणजे तिथल्या माणसाला मातीचं भांडं अजून नीटसं सुचलेलं नाही आणि मातीचं माणूस सुचलेलं आहे. याचं काय करायचं? मी तरी अजून त्यावर विचारच करतो आहे.

आजचं माझं म्हणणं थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मधेच उठायचं असेल तर सोय. अशी मूर्ती समोर आली की आपण पहिल्यांदा विचारतो, ही कोण? देवी, राणी की साधी बाई? मला वाटतं हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ही घडवली कशी? दुसरा, ही सापडली कुठे आणि कशाशेजारी? या दोन्हींची उत्तरं हातात असतील तर तिसऱ्याच्या उत्तराची आशा धरावी. नसतील तर आपण जे बोलू ते आपल्या मनातलं असेल, त्या मूर्तीचं त्यात काही नसेल.

तर पहिला प्रश्न. कशी घडवली?

मेसोअमेरिकेत कुंभाराचं चाक नव्हतं. हे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण आपल्याला मातीकाम म्हटलं की चाकच आधी दिसतं. तिथे चाक नव्हतं. युकाटानमध्ये पायाच्या तळव्यांनी फिरवायची 'काबाल' नावाची लाकडी चकती वापरतात, पण ती गरगर फिरून माती वर उचलत नाही, फक्त भांडं आपल्याकडे वळवून घेते. बाकी सगळं काम हाताचं.

आणि गंमत बघा. चाक ठाऊकच नव्हतं असंही नाही! 1880 च्या सुमारास देझिरे शार्ने या फ्रेंच प्रवाशाला पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या उतारावरच्या एका दफनभूमीत चार चाकांवर उभे असलेले मातीचे छोटे प्राणी सापडले. लोकांनी त्याला हसून उडवून लावलं. म्हणाले, स्पॅनिश आले त्यानंतरची खेळणी असणार, अमेरिकेत कुठली चाकं? पुढे 1940 च्या दशकात मॅथ्यू स्टर्लिंगना त्रेस सापोतेसमध्ये आणि गॉर्डन एकहोमना पानुकोच्या परिसरात तसेच चाकांचे प्राणी रीतसर उत्खननात मिळाले, तेव्हा शार्नेची सुटका झाली. एकहोमनी 1946 मध्ये त्यावर लेख लिहिला. म्हणजे आसाभोवती फिरणारं चाक हे लोक मातीत करत होते, पण त्यावर ना गाडी केली ना गाडगं. गाडी ओढायला बैल नव्हता, घोडा नव्हता, हे कारण सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. गाडगं का केलं नाही, याला मात्र तेवढं सरळ उत्तर नाही. हातानं काम झकास चाललं होतं, हेच कदाचित खरं कारण.

आता हातानं काम म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. त्यासाठी त्लातिल्कोला जाऊ. हे गाव आज मेक्सिको सिटीच्या वायव्येला, कारखाने आणि वस्त्यांच्या खाली गडप झालं आहे. इसवी सनापूर्वी 1200 च्या आसपास तिथे मोठी वस्ती होती. तिथल्या मूर्ती बहुतेक तळहातावर मावणाऱ्या, भरीव. बारीक कंबर, जाडजूड मांड्या, हात मात्र नावापुरते, दोन ठुसके. डोक्यावर केशरचनेचा असा काही थाट की बघत राहावं. काहींना दोन तोंडं. काहींना एकाच चेहऱ्यात दोन नाकं आणि तीन डोळे.

करणाऱ्यानं काय केलं असेल? मातीचा गोळा मळला. नुसती चिकणमाती वाळताना आकसते आणि तडकते, म्हणून तिच्यात वाळू, फुटक्या खापरांचा चुरा किंवा वनस्पतींचे तंतू घातले. तोलुकाजवळच्या मेतेपेक गावचे कुंभार आजही मातीत पाणकणसाचा कापूस मळतात. तो भट्टीत जळून जातो आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतो. मग वळकट्या केल्या, एकमेकींना चिकटवल्या, सांधे बोटानं सारवून घेतले. नाक चिमटीत धरून वर ओढलं. केसांसाठी मातीच्या पट्ट्या आणि दोऱ्या लावल्या, त्यावर काडीनं रेघा मारल्या.

आणि डोळे. डोळ्यांपाशी थोडं थांबावं लागेल, कारण या विषयातलं निम्मं भांडण डोळ्यांवर आहे. डोळा करायच्या तऱ्हा किती! एक, टोकदार काडीनं सरळ भोक. दोन, मातीची बारीक गोळी चिकटवायची आणि तिला मधोमध चीर द्यायची, की कॉफीच्या बीसारखा मिटल्या पापण्यांचा डोळा झाला. तीन, आणि ही त्लातिल्कोची खास, काडीचे दोन फटकारे दोन्ही बाजूंनी आत ओढायचे. मधे जो उंचवटा आपोआप शिल्लक राहतो, तेच बुबुळ. दोन फटकाऱ्यांत नजर! ज्याचा हात शेकडो वेळा त्या वाटेनं गेला आहे त्यालाच हे जमतं. नवशिक्याचा डोळा लगेच ओळखू येतो, माती काठावर फाटलेली असते.

न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे जॉर्ज व्हायंट यांनी 1930 च्या आसपास साकातेन्को, तिकोमान, एल अर्बोलियो या वस्त्या खणल्या आणि तिथे मिळालेल्या ढीगभर मूर्तींची अ, ब, क, ड अशी वर्गवारी लावली. ती मुख्यतः अशाच खुणांवर, डोळे, तोंड, डोक्याचं बांधणं यांच्यावर बेतलेली होती. त्याच्याही आधी, 1911 च्या सुमारास, मान्वेल गामिओ यांनी आस्कापोत्साल्को इथे थरावर थर मोजत खणून दाखवलं होतं, की अझ्टेकांच्या खाली तेओतिवाकानची मूर्ती येते आणि तिच्याही खाली हातानं घडवलेली जुनी मूर्ती. कार्बनची तारीख काढायची सोय तेव्हा नव्हती. काळ मोजायला मूर्तीच घड्याळ होती. आज ही वर्गवारी वापरताना अभ्यासक दहा ठिकाणी नाकं मुरडतात, पण वापरतात तीच.

मूर्ती वळून झाली, आता वाळवायची. मग भाजायची. इथेच खरी परीक्षा. मातीत ओल राहिली असेल तर तिची वाफ होते, आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर मूर्ती आव्यातच फुटते. भरीव मूर्ती म्हणूनच लहान ठेवतात. मोठी करायची तर आतून पोकळ करावी लागते, भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवावी लागते, आणि कुठेतरी भोक सोडावं लागतं, डोक्यावर, पाठीत किंवा काखेत. ओल्मेकांच्या त्या प्रसिद्ध पोकळ बाळमूर्ती आठवा, गुबगुबीत, पाय फाकवून बसलेल्या, पांढऱ्या मातीचा लेप देऊन दगडानं घोटलेल्या. बाळ गोड आहे हे कुणालाही दिसतं. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तेवढी मोठी पोकळ मूर्ती न तडकता भाजून काढली, हे मला त्या गोडव्यापेक्षा जास्त थक्क करतं. बहुतेक ठिकाणी बंदिस्त भट्टी नव्हतीच. मोकळ्यावर लाकूडफाटा रचायचा, किंवा खड्डा करायचा. ओआहाकामधल्या एहुत्ला इथे गॅरी फाइनमन आणि लिंडा निकोलस यांनी खणलेल्या घरांजवळ असे भाजण्याचे खड्डे आणि बिघडलेला माल दोन्ही सापडले. बिघडलेला माल ही पुरातत्त्वातली फार मोलाची चीज. चांगला माल गावोगाव जातो, बिघडलेला जिथे झाला तिथेच पडून राहतो.

रंग भाजल्यानंतर. गेरूचा लाल, पिवळी माती, पांढरा, आणि व्हेराक्रूझच्या किनाऱ्यावर चक्क डांबर, जमिनीतून आपसूक पाझरणारं. तिकडे त्याला चापोपोते म्हणतात. माया लोकांचा निळा तर नामांकित. नीळ आणि पालिगोर्स्काइट नावाची माती एकत्र तापवली की नीळ त्या मातीच्या आत अडकून बसते आणि शेकडो वर्षं उतरत नाही. कापडावरची नीळ धुण्याला विटते, भिंतीवरची ही नीळ जंगलाच्या दमट हवेत टिकते.

हे सगळं मी इतक्या तपशिलात का सांगतो आहे? एक उदाहरण देतो. संग्रहालयांच्या कपाटांत या मूर्तींची नुसती डोकी शेकड्यांनी असतात. धडं कमी, डोकी फार. यावरून कुणी म्हणालं, शिरच्छेदाचा विधी असणार, मूर्ती मुद्दाम मान मोडून पुरत असणार. काही ठिकाणी खरंच तसं झालं असेल. पण ज्यानं माती हाताळली आहे तो आधी विचारील, जोड कुठे होता? मान हा सर्वांत बारीक सांधा. मूर्ती हातातून पडली तरी तीच जाणार, वरून ढेकूळ पडलं तरी तीच जाणार. शिवाय धडाच्या तुकड्यांकडे कुणी बघत नाही, डोकं मात्र शेतकरी उचलून घरी नेतो. विधी सिद्ध करायचा तर आधी या साध्या कारणांना हरवावं लागेल.

आता साच्याकडे वळतो. मेक्सिको सिटीच्या ईशान्येला तेओतिवाकान. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत तिथे लाखाच्या घरात माणसं राहत होती, असा अंदाज आहे. सुरुवातीच्या मूर्ती हातानं वळलेल्या, आणि मग साचा आला. आपल्या पेणच्या कारखान्यात जसं साच्यात माती दाबून गणपतीचे भाग काढतात, सांधतात आणि कारागीर शेवटचा हात फिरवतो, तसंच काहीसं. फरक एवढा की इथला साचाही मातीचाच, भाजलेला. मूळ मूर्ती करायची, भाजायची, तिच्यावर माती दाबून ठसा घ्यायचा, तो भाजायचा, मग त्यातून पाहिजे तितक्या प्रती. यात एक मजा होते. माती सुकताना आणि भाजताना आकसते. साच्यातून निघालेल्या मूर्तीवरूनच कुणी नवा साचा केला, तर त्यातली मूर्ती आणखी लहान. नातवंडं आजोबांपेक्षा खुजी निघतात, आणि मोजमाप करून कोणती प्रत कोणाची, ते ताडता येतं.

साच्यानं काय बदललं? बहुतेक साचे फक्त पुढच्या बाजूचे. त्यामुळे चेहरा रेखीव, सुबक, एकसारखा, आणि पाठ? पाठीवर बोटांचे ठसे. कुणीतरी अंगठ्यानं माती ठासली, तो अंगठा अजून तिथे आहे. तेओतिवाकानच्या सिउदादेला नावाच्या प्रचंड आवाराला लागून उत्तरेला एक कारखानाच सापडला. तिथे धूपदाण्या बनत. नाटकाच्या रंगमंचासारख्या त्या धूपदाण्या, मधे एक मुखवटा आणि सभोवती साच्यातून काढलेली फुलपाखरं, फुलं, पिसं, ढाली डकवलेल्या. सरकारी इमारतीला खेटून मूर्तिकामाचा कारखाना, याचा अर्थ काय होतो? शहराचा कारभार या मातीत लक्ष घालत होता. कोणती चिन्हं घराघरांतल्या धुरामागे दिसायची, हे कुणीतरी ठरवत होतं.

तरी साचा आला म्हणजे हात गेला, असं समजू नका. कांपेचेच्या किनाऱ्यालगत हाइना नावाचं बेट आहे. इसवी सन 600 ते 900 च्या दरम्यान माया लोक तिथे आपली माणसं पुरत आणि सोबत मूर्ती ठेवत. त्यांतल्या कित्येक साच्यातल्या, पण उत्तमातल्या उत्तम मूर्ती हातानं वळलेल्या किंवा धड साच्याचं आणि डोकं हाताचं अशा. एक बाई मागावर बसली आहे. माग कमरेला बांधलेला, दुसरं टोक खांबाला, आणि खांबावर एक पक्षी. कातडी सैल झालेले म्हातारे आहेत, योद्धे आहेत, गोंदलेले चेहरे आहेत. आणि अनेकींच्या पाठीमागे फुंकायचं भोक! म्हणजे ती मूर्ती शिट्टीही आहे. काचेच्या कपाटात ठेवून आपण तिला मुकी केली, हा आपला दोष.

सगळ्याच मूर्ती भाजल्या जात होत्या असंही नाही. 1971 साली व्हेराक्रूझमध्ये एल सापोताल इथे मृत्यूच्या देवतेची मोठी मूर्ती सापडली, मिक्तलान्तेकुत्ली असं अझ्टेक ज्याला म्हणत तो. ती कच्च्या मातीची आहे, भाजलेलीच नाही. जागेवरून हलवली तर ढासळेल, म्हणून ती तिथेच ठेवून भोवती संग्रहालय उभं केलं. तिच्यासोबत बाळंतपणात मरून देवता झालेल्या स्त्रियांच्या मूर्ती सापडल्या, मोठाल्या, भाजलेल्या. त्या हलवता आल्या. आणि काही मूर्ती तर मातीच्याही नव्हत्या. अझ्टेक लोक सणाला राजगिऱ्याच्या पिठाचे डोंगरदेव करत, भोपळ्याच्या बियांचे दात आणि घेवड्याचे डोळे लावत, आणि पूजा झाली की वाटून खात. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे सहागून या फादरनी हे लिहून ठेवलं म्हणून कळलं. आपल्या उपासाचा राजगिरा मूळचा त्याच मुलखातला, हे जाता जाता सांगतो.

दुसरा प्रश्न. सापडली कुठे?

जुन्या पुस्तकांत या मूर्तींचं एकच उत्तर असायचं, सुफलनाची देवी. बाई दिसली की सुफलन! पीक यावं म्हणून शेतात पुरली, की झालं. पण ओआहाकामध्ये सान होसे मोगोते या खेड्यात काय मिळालं ते पाहा. इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकाच्या तोंडाशी एका घराच्या आवारात जमिनीखाली चार मूर्ती मुद्दाम मांडून पुरलेल्या होत्या. तिघी हात छातीवर घडी घालून उताण्या निजलेल्या, चौथी मांडी घालून बसलेली. शेत नाही, देऊळ नाही, घर. जॉइस मार्कस यांनी 1998 मध्ये आपल्या ग्रंथात मांडलं, की हा बायकांचा घरातला विधी आहे, पूर्वजांना बोलावण्याचा. पुरुषांचे विधी वेगळ्या इमारतीत चालत, मूर्ती मात्र घरात सापडतात. हे मत सगळ्यांना मान्य आहे असं नाही. पण लक्षात घ्या, हा वाद घालणं शक्य झालं ते कशामुळे? मूर्ती कोणत्या घरात, कोणत्या जमिनीखाली, कशी ठेवली होती, हे खणणाऱ्यांनी टिपून ठेवलं म्हणून. त्याच चार मूर्ती बाजारातून आल्या असत्या तर चार सुट्या बाहुल्या झाल्या असत्या, आणि चार शहरांत गेल्या असत्या.

अझ्टेकांच्या काळाचंही तसंच. एलिझाबेथ ब्रुमफील यांनी राजधानीबाहेरच्या गावांतल्या मूर्ती तपासल्या. राजधानीच्या दगडी शिल्पांत योद्धे, आणि कोयोल्शाउकीसारखी हातपाय तोडलेली देवी. गावांतल्या मातीत मात्र धडधाकट उभी बाई, कडेवर मूल. साम्राज्य आपलं सांगत होतं, खेडी आपलं करत होती. राजधानीत मातीचंही दरबारी रूप आहेच. तेंप्लो मायोर या मुख्य मंदिराजवळच्या गरुडगृहात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दोन गरुडयोद्धे सापडले, पुरुषभर उंच, प्रत्येकी चार भागांत भाजून एकमेकांत बसवलेले. थोर काम आहे. पण ते आपल्या विषयाचं टोक आहे, गाभा नाही.

ग्वातेमालामधली दोन ठिकाणं सांगतो आणि पुढे जातो. आग्वातेका शहरावर इसवी सन 810 च्या सुमारास हल्ला झाला आणि लोक भरलेलं घर टाकून पळाले. म्हणून तिथे मूर्ती आणि शिट्ट्या जिथल्या तिथे, पाटे-वरवंटे आणि मडक्यांसोबत, राहत्या घरांत सापडतात. दुसरं एल पेरू-वाका. तिथे 2006 मध्ये एका राजकबरीत 23 मूर्तींचा एक पुरा दरबार मिळाला, राजा, राणी, बुटके, लेखक, चेंडूपटू, आणि मधे गुडघे टेकून बसलेला एक जण, त्याच्याजवळ एक हरीण. सगळे वर्तुळात, एक प्रसंग मांडल्यासारखे. एकेक मूर्ती सुटी पाहिली असती तर कुणाला वाटलं असतं की त्या एकाच नाटकातली पात्रं आहेत?

आता वाईट बातमीकडे येतो. बहुतेक मूर्तींचं असं काही ठाऊकच नाही.

त्लातिल्को कसं सापडलं माहीत आहे? पुरातत्त्वज्ञांनी नाही शोधलं. तिथे वीटभट्ट्या होत्या. माती खणताना कामगारांना सांगाडे आणि मूर्ती मिळू लागल्या, आणि त्या विकल्या जाऊ लागल्या. चित्रकार मिगेल कोव्हारुबियास त्या विकत घेत असे. त्याच्या चाणाक्ष नजरेला हे काहीतरी फार जुनं आहे हे कळलं, आणि त्याच्याच पाठपुराव्यानं 1942 मध्ये रीतसर उत्खनन सुरू झालं. त्याचे उपकार मानावे तितके थोडे. पण तोवर किती थडगी विटांच्या मातीत गेली, कोण मोजणार? दिएगो रिव्हेरा हा त्याचा मित्र, त्यानंही पन्नास हजारांहून जास्त प्राचीन वस्तू जमवल्या आणि त्यांच्यासाठी आनावाकाल्यी हे काळ्या दगडाचं संग्रहालय बांधायला घेतलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1964 मध्ये उघडलं. देखणं आहे, प्रेमानं केलेलं आहे. आणि त्यातल्या कितीतरी वस्तूंच्या पाटीवर ठिकाण नाही.

पश्चिम मेक्सिकोची कथा याहून खेदाची. हालिस्को, कोलिमा, नायारित. इसवी सनापूर्वी 300 ते इसवी सन 300 च्या दरम्यान तिथले लोक विहिरीसारखा उभा खड्डा खणून तळाशी आडव्या खोल्या कोरत आणि तिथे मृतांना ठेवत. सोबत पोकळ, घोटून चकचकीत केलेल्या मूर्ती. कोलिमाचा तो लठ्ठ लाल कुत्रा जगभरच्या भेटकार्डांवर गेला आहे. त्याच्याबद्दल सांगतात, की अझ्टेकांच्या समजुतीप्रमाणे कुत्रा मृताला नदी पार करून नेतो, म्हणून कबरीत कुत्रा. पण अझ्टेक हजारएक वर्षांनी आलेले, शेकडो मैलांवरचे. त्यांची समजूत कोलिमाला लावायची तर कबर कुणीतरी आतून बघितलेली असायला नको का? अशी मोठी कबर बघायला मिळाली ती थेट 1993 मध्ये. हालिस्कोतल्या हुइत्सिलापा इथे होर्खे रामोस आणि लोरेन्सा लोपेस मेस्तास यांना एक कबर मिळाली, दोन खोल्यांची, सहा माणसांची, आणि चोरांचा हात न लागलेली. तोवर त्या शैलीच्या हजारो मूर्ती दिवाणखान्यांत पोचल्या होत्या, आणि आपलं बहुतेक ज्ञान त्या दिवाणखान्यांतून आलेलं होतं.

आणि आता ज्या माणसाची गोष्ट सांगायला मी आज उभा आहे तो माणूस. ब्रिखिदो लारा.

1974 साल. व्हेराक्रूझ राज्यात प्राचीन मूर्तींची चोरी केली म्हणून काही जणांना पकडलं, त्यात लारा होता. जप्त मालाची तज्ज्ञांनी तपासणी केली, म्हणाले, अस्सल आहे, प्राचीन आहे. आरोपी तुरुंगात. लारा म्हणत होता, मी काही लुटलेलं नाही, हे मीच केलेलं आहे. कोण विश्वास ठेवणार? शेवटी त्यानं तुरुंगात माती मागवली. कोठडीत बसून तशाच मूर्ती केल्या. त्याही तज्ज्ञांकडे गेल्या आणि त्याही प्राचीन ठरल्या! 1975 च्या सुरुवातीला तो सुटला, आणि पुढे हालापाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयानं त्याला दुरुस्तीच्या आणि प्रतिकृतींच्या कामावर नेमून घेतलं. चोर म्हणून आत गेला, कारागीर म्हणून बाहेर आला. आपल्या हातच्या मूर्ती अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहांत अस्सल म्हणून बसल्या आहेत, असं तो सांगत असे, आणि काही संग्रहालयांना आपल्या मूर्ती कपाटातून काढून पुन्हा तपासाव्या लागल्या.

हसू येतं, पण जरा थांबा. लाराला काय येत होतं? माती कुठली घ्यायची, ती कशी मळायची, जोड कुठे द्यायचा, किती भाजायची, रंग कोणता आणि तो जुना कसा दिसेल. आज सकाळपासून म्हणा, संध्याकाळपासून म्हणा, मी जे पहिल्या प्रश्नाचं कौतुक करतो आहे, त्या प्रश्नाचं उत्तर या माणसाला कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो बनावट करतो असं स्वतः मानत नव्हता, त्याच्या लेखी ती त्याची अस्सल कामं होती. आणि मला सांगा, व्हेराक्रूझची शैली अशी असते, तशी असते, असे नियम ज्या मूर्ती पाहून लिहिले गेले, त्यांत काही लाराच्याच असतील तर? मग कुणी कुणाची नक्कल केली?

यावर प्रयोगशाळेचं एक उत्तर आहे, ते सांगायला हवं. भाजलेली माती शेवटची कधी तापली, हे तिच्यातल्या स्फटिकांत साठलेल्या ऊर्जेवरून मोजता येतं. तापवली की तो साठा उजेडाच्या रूपानं बाहेर पडतो. या तापदीप्तीच्या पद्धतीनं झापोटेक मूर्तिपात्रांच्या संग्रहांत कित्येक बनावट वस्तू उघड्या पडल्या. पण त्यासाठी मूर्तीला बारीक भोक पाडावं लागतं, पैसे लागतात, आणि मालकाला उत्तर हवं असावं लागतं. तिसरी अट सर्वांत अवघड.

शिवाय समजा, यंत्र म्हणालं, मूर्ती अस्सल आहे. मग? अस्सल आहे एवढंच कळलं. कोणत्या घरातली, कुणाच्या छातीशी ठेवलेली, शेजारी आणखी कोण होतं, हे यंत्र सांगत नाही. हाताची कला लारासारखा माणूस पुन्हा उभी करू शकतो. खणताना मोडलेली जागा कुणीच पुन्हा उभी करू शकत नाही, लाराही नाही.

मेक्सिकोनं 1972 मध्ये कायदा केला, त्याप्रमाणे जमिनीतल्या सगळ्या प्राचीन वस्तू राष्ट्राच्या, आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तरी पॅरिससारख्या शहरांत त्यांचे लिलाव होतच असतात, मेक्सिकोचं सरकार निषेध करतं, आणि हातोडा पडतो. कोणतीही खरेदी पुढच्या खणणाऱ्याला दिलेली आगाऊ रक्कम असते, हे गिऱ्हाईकाला पटेपर्यंत हे थांबायचं नाही.

सभागृहात तरुण मंडळी बरीच दिसतात. तुमच्यापैकी कुणी शिकायला, नोकरीला, फिरायला त्या बाजूला जाल. कुणीतरी गल्लीच्या तोंडाशी फडक्यात गुंडाळलेलं डोकं दाखवील आणि खालच्या आवाजात म्हणेल, शेतात सापडलंय, जुनं आहे. ते खरं असेल तर गुन्हा आहे आणि खोटं असेल तर फसवणूक. दोन्ही वेळा हात मागे घ्या. घरी आणायला मूर्ती हवीच असेल तर मेतेपेकच्या बाजारात जा. तिथले कुंभार मातीचे सूर्य करतात, जीवनवृक्ष करतात, माणसं करतात, आणि उघड्यावर, आपल्या नावानं विकतात. ती घ्या, पावती घ्या, आणि करणाऱ्याचं नाव-गाव मूर्तीच्या बुडाशी लिहून ठेवा.